चौदा नंबरच्या चपला

१ मे, गुरुवार
सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरले, तिथून ऑटो. ट्रंक ऑटोवाल्याने स्वतःच उचलून दिली आणि म्हणाला, बाई, एवढ्या उन्हात कोणी माहेराले येते काय? फार हसले मी. खरंच माहेरी आल्यासारखं वाटतंय. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची अशी खोली मिळाली. खिडकीत निंब आहे. कूलरमध्ये नवा वाळा भरलाय, त्याचा वास सुटलाय.

इथे विसरण्याच्या आजाराचे बावीस आजी-आजोबा आहेत. त्यांच्याकडे बघायचं हे माझं काम. आईचं सात वर्षं केलं, तेव्हा कामाची भीती नाही. आई दोनदा घरातून निघून गेली होती आणि दोन्ही वेळा सापडली, म्हणून मी आज माणसात आहे.

इथले व्यवस्थापक चिंतामण सर शांत बोलतात. त्यांनी एप्रनच्या खिशात मावेल अशी वही दिली, रुग्णांचं काही लक्षात आलं की टिपायला. मी माझंही लिहीन. मोबाइल ऑफिसात जमा, इथला नियमच आहे. भाऊ सागर दर रविवारी ऑफिसच्या फोनवर बोलणार आहे.

२ मे
इथली एक पद्धत मला फार आवडली. दाराच्या लांब पायरीवर ऑइल पेंटने आकडे लिहिलेत. ज्याच्या त्याच्या चपला ज्याच्या त्याच्या आकड्यावर. आत सगळे अनवाणी, आम्हीसुद्धा. माझा नंबर तेवीस. संध्याकाळी पाचला चौकीदार श्रावणभाऊ चपला मोजतात आणि शिट्टी वाजवतात. शिट्टी झाली की सगळे आत आहेत असं धरायचं. मी विचारलं, माणसं का नाही मोजत? ते म्हणाले, डोकी मोजाले गेलं तं एक मोजेपर्यंत दुसरं सरकते. चपला कुठी जाते बापा!

३ मे
लीलाबाईंनी मला धरूनच ठेवलंय. अचलपूरकडच्या एका खेड्यातल्या, वय अठ्ठ्याहत्तर, पाय अजून ताठ. मला आचल म्हणतात. ते त्यांच्या नातीचं नाव. दुपारी चार वाजले की बोचकं बांधून म्हणतात, चाल व आचल, घरी भाकरी टाकाच्या हायेत. मी म्हणते, चहा घेऊन निघू. चहा होईस्तोवर विसरतात. माझा हात मात्र सोडत नाहीत.

चौदा नंबरच्या पलंगावर कोणी दिसत नाही. चादर मात्र रोज बदलतात. पायरीवर चौदाच्या चपला आहेत, रजिस्टरमध्ये चौदासमोर ‘जेवल्या’ लिहिलंय. श्रावणभाऊ म्हणाले, पार्वताबाई लेकाकडे गेल्या.

४ मे, रविवार
आज फोनचा दिवस. पुण्याहून पार्वताबाईंच्या मुलाचा, अमोलचा, फोन आला. लेकाकडे गेल्यात, तर लेकाचा फोन कसा? सरांनी तो लीलाबाईंच्या कानाला लावला आणि म्हणाले, पार्वताबाई, बोला. लीलाबाई म्हणाल्या, हाव बाबू, जेवली म्या. मुलाने विचारलं, बरी आहेस ना? त्या म्हणाल्या, हाव बाबू. एवढंच, आणि फोन ठेवला.

मला वाटलं, सरांची चूक झाली. तसं म्हणाले तर ते हसले. म्हणाले, आवाज ऐकला की मुलांचं समाधान होतं.

पोटच्या पोराला आईचा आवाज ओळखू येत नाही?

६ मे
श्रावणभाऊंना कोपऱ्यात गाठलं. आधी म्हणाले, जाऊ द्या ना बाई. मग रडले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पार्वताबाई दुपारी निघून गेल्या. मागे कुंपण तुटलंय, तिथून काळं रान सुरू होतं. शेतकऱ्याघरची बाई. काळी माय आहे म्हणून रानात शिरताना चपला काढायची जन्माची सवय. पायरीवरच्या चपला तिने पायात घातल्याच नाहीत. पाचला श्रावणभाऊंनी मोजल्या, भरल्या, शिट्टी वाजली. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं. सरांनी गाडी घेऊन रस्ता पाहिला, बडनेऱ्यापर्यंत. रान कोणी पाहिलं नाही. पोलिसांत कोणी गेलं नाही. महिना झाला.

जी बाई आयुष्यात कधी चपला घालून रानात गेली नाही, तिला या लोकांनी चपलांनी मोजलं.  हे लिहिताना भीती नाही. संताप आहे.

७ मे
सरांना तोंडावर विचारलं. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्या हजर आहेत, म्हणाले. मग म्हणाले, पोलीस आले की हे बंद होईल, मग बाकीचे एकवीस कुठे जातील? त्यांची मुलं नेतील परत? बोला ना, नीलमताई.



मी म्हणाले, रविवारी अमोलचा फोन मीच घेणार आणि खरं सांगणार. ते म्हणाले, मग खोली रिकामी करून सांगा.

आजच पोलीस ठाण्यात जायला हवं होतं. नाही गेले. खोली, लीलाबाई, निंब. स्वतःला काय काय सांगितलं मी.

८ मे
सकाळी चौदाच्या चपला पुसून ठेवल्या. दुपारी त्यांच्या तळाला काळी माती. ओली. कुठे पाण्याचा थेंब नाही, ऊन पंचेचाळीसवर.

लीलाबाईंना हाक मारली, वळल्या नाहीत. दोनदा मारली. मग म्हणाल्या, लीला कोन व? म्या पार्वता.

चौदा नंबरच्या पलंगावर जाऊन बसल्यात. उठवलं तर नखं लावली मला.

९ मे
आज चार वाजता चहाला नाही म्हणाल्या. विचारलं तर सांगितलं, त्या दिवशी फोनात बाबू बोलून राहिला होता, मधात एक बाई बी बोलत होती. म्हणे, माहं नाव घेतलं ना, आता माह्या जागी ये. सावली हाय इथं.

मला आचल म्हणाल्या नाहीत. मी कोण ते विचारलं.

सरांनी नाव तोंडात घातलं तिच्या. एका नावाने तिला –
कुंपणाला आज मीच तार बांधली. उद्या सकाळी ठाण्यात. रविवारची वाट बघायची नाही.

१० मे
सकाळी सरांनी गेटला कुलूप लावलं. सगळ्यांसाठी, म्हणाले. ओरडले मी. फोन मागितला. दिला नाही.

चार वाजून दहा. लीलाबाई पलंगावर नाहीत. पायरीवर नऊच्या चपला आहेत, त्यांच्याच. जागेवर, जोडून. तार सोडलेली –

रानात आहे. तशीच धावले, अनवाणी. दिसत होत्या पुढे, हात धरल्यासारख्या चालत होत्या. बाजूला कोणी नव्हतं. भुईला हातहात भेगा. पाय गेला एकीत. घोट्यातून मोडलाय. हलत नाही.

हाका मारल्या. इमारत दिसते. कूलरचा आवाज येतो. त्यांना माझा –

लीलाबाई बाभळीखाली बसल्यात. जिवंत आहेत. त्यांच्याजवळ भेगेत हिरवं लुगडं. त्यात –
बांगड्या. हाताच्या हाडात अजून.

बोलतायत तिच्याशी. हसतायत.
उत्तर येतंय. मलाही ऐकू येतं.

लीलाबाई, तुम्ही लीलाबाई. ओरडून सांगितलं. वळल्या. आचल म्हणाल्या मला. हात पुढे केला. पोचत नाही. थोडासाच –

शिट्टी.
श्रावणभाऊंची. पाच वाजले. मोजल्या त्यांनी. नऊवर नऊच्या. चौदावर चौदाच्या. तेवीसवर माझ्या. मी जोडूनच काढल्या होत्या, नेहमीसारख्या. सगळे आत.

उद्या रविवार. सागरचा फोन येईल. सर आत जातील, कोणाला तरी हाताला धरून आणतील, नीलमताई म्हणतील, आणि फोन तिच्या कानाला –