एकशे सदतीस कार्डांचा लॉट

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. बायको जाऊन सात आठवडे झाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढी सलग सुट्टी कधी घेतली नव्हती. पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही.
काम हाती घेतले आहे. तिचा बुटांचा खोका. आत कार्डे. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि दरवर्षी मुलांना घेऊन एकाच शब्दावर बसायची. पास. मुलगा पास होतो, बसचा पास असतो, फुटबॉल पास करतात, बिल पास होते, दोन डोंगरांतली वाट म्हणजेही पास. एका अर्थाला एक कार्ड. वर नंबर आणि अर्थ, खाली एक वाक्य. शाळा सोडली तरी कार्डे सोडली नाहीत. शेवटच्या आठवड्यापर्यंत लिहीत होती.
लेक २९ तारखेला येते आहे. खोका तिला हवा आहे. तोवर सगळा लॉट तपासायचा, राहिलेले अर्थ भरायचे आणि नीटनेटका करून तिच्या हातात द्यायचा. रोज पंधरा कार्डे. दहा दिवसांत संपेल. उरलेल्या दिवसांत घराला रंग.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कार्डे मोजली. १३७. पुन्हा मोजली, १३६. पुन्हा, १३७. 
पहिले कार्ड. पास, म्हणजे हातातले दुसऱ्याकडे देणे. वाक्य: "ह्यांना मीठ पास करा म्हटलं, की हे आधी झाकण उघडून आत बघतात आणि मगच देतात."
वाचून झाल्यावर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातले. दोनदा.
आजची तपासणी: कार्ड एक. पहिला दिवस सेटिंगमध्येच जातो.

४ ऑक्टोबर
पद्धत ठरवली. आधी माप, मग काम. पंपसुद्धा आधी मोजतात, पाणी नंतर सोडतात. म्हणून आधी नंबर, अर्थ आणि कार्डाचे कोपरे. वाक्ये सगळ्यात शेवटी, एकदम. यात वाक्ये टाळण्याचा प्रश्नच येत नाही.
मिठाबद्दल: एकदा मिठाच्या डब्यात साखर निघाली होती. मी आत बघतो ते म्हणून. हे कार्डावर यायला हवे होते.

५ ऑक्टोबर
तपासणीचा फॉर्म आखला. अकरा रकाने.

६ ऑक्टोबर
फॉर्म पुन्हा आखला. शेऱ्याचा रकाना अरुंद होता.

८ ऑक्टोबर, शनिवार
लेकीचा फोन. खोक्याचे कुठवर आले, विचारत होती. मी पद्धत समजावून सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, एक तरी वाक्य वाचून दाखवा. मिठाचे दाखवले. हसली.
"फोन बदलला तेव्हा आईचे सगळे मेसेज गेले, बाबा," ती म्हणाली. "आईचं बोलणं म्हणून आता तेवढा खोकाच उरलाय. रोज एक वाचाल का फोनवर?"
मी म्हणालो, न तपासलेला माल बाहेर पाठवत नाहीत. मग ती म्हणाली, बरं, मी आले की दोघं मिळून वाचू.
समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१० ऑक्टोबर
अर्थ पडताळायला तिचा मोठा शब्दकोश काढला. आत तिचा चष्मा निघाला, खुणेला ठेवलेला. शब्दकोश होता तसा मिटून ठेवला. शेजारच्या वहिनींच्या मुलीकडून शाळेचा मागून आणला. खिशात मावणारा आहे. त्यात पासचे फक्त नऊ अर्थ. म्हणजे १२८ कार्डे पुराव्याशिवाय चालू आहेत. विचार करण्यासारखी गोष्ट.
वहिनी म्हणाल्या, "चेहरा उतरलाय तुमचा. जेवता ना वेळेवर?" म्हणालो, वेळेवर जेवतो. खरे आहे. वेळ रोज वेगळी असते, इतकेच.
तपासलेली कार्डे: चार.

१३ ऑक्टोबर
राहिलेले अर्थ भरण्याचा दिवस. पत्ते खेळताना आपली पाळी सोडली की पास म्हणतात, हे सुचले. आधीच आहे, क्र. ४१. डॉक्टर लघवीबद्दल विचारतात ते सुचले. क्र. ११८. गेट पास, आहे. बायपास, तो वेगळा शब्द. मला सुचलेला प्रत्येक अर्थ तिने आधीच करून ठेवलेला निघतो. घरातल्या कामांचेही असेच होते.
एक अर्थ मात्र तिच्याकडे नाही. पास अवे होणे, म्हणजे वारणे. तो मला आधीपासून माहीत असल्यामुळे कार्ड केले नाही.
नवी कार्डे: शून्य. पण दिशा मिळाली.

१७ ऑक्टोबर
१२० नंबरच्या पुढच्या कार्डांवर अक्षर हलले आहे. ओळी उतरत जातात. लॉट बदलला की दर्जा बदलतो. सवलत दिली. शेरा लिहिला नाही.
दुपारी जरा पडलो. उठलो तेव्हा साडेपाच.
एकूण तपासलेली: तेवीस. राहिली ११४, दिवस बारा. रोजची साडेनऊ. सहज होईल.

२० ऑक्टोबर, गुरुवार
वॉशर भेटायला आला. कारखान्यात स्टोअरला होता. अंगाने चपटा आणि कुठेही बसतो, म्हणून वॉशर. भेट घेऊन आला. माझा शिक्का. कारखाना बंद झाला तेव्हा भंगारातून त्याने उचलून ठेवला होता. लांबट गोल, मधे मोठ्या अक्षरांत पास. बरोबर हिरव्या शाईचा डबाही.
"साहेब, ह्या शिक्क्यानं बाहेर गेलेला एक पंप परत आला नाही," तो म्हणाला. दोन आले होते. पण ऐकायला बरे वाटले.
शाई लोखंडावरची आहे. ऊन, पाणी, तेल, कशानेही जात नाही.
शिक्का पुसून टेबलावर, खोक्याशेजारी ठेवला.

२१ ऑक्टोबर. सकाळी १०
एवढे दिवस चुकत होतो. एकेक कार्ड तपासणे ही कारकुनी झाली. मोठ्या लॉटला नमुना तपासणी असते, दहात एक. १३७ मधली चौदा बघायची, मी तर तेवीस बघितली आहेत. म्हणजे लॉट परवाच पास झाला आहे. शिक्के तेवढे राहिले.
शिक्का कुठे मारायचा: वर नंबर आणि अर्थ आहे, ते झाकून चालणार नाही. खाली जागा आहे. खाली वाक्य आहे, पण शिक्का विरळ उठतो आणि मागचे वाचता येते. हा लोखंडावरचा अनुभव.

११.४०
तीन आठवड्यांत न झालेले काम पाऊण तासात. शिक्के १३१. एकही तिरपा नाही. हात काही विसरला नाही.
रिजेक्ट सहा: तेलाचे डाग दोन, नंबर नसलेली तीन, अर्थाचा रकाना रिकामा असलेले एक. रिजेक्टवर शिक्का मारत नाहीत. वेगळ्या पाकिटात घातली.
दुपारी चार तास झोपलो. कष्टाची झोप वेगळीच.

२२ ऑक्टोबर
कागद शाई जरा जास्त पितो. लोखंड पीत नाही. वाळल्यावर फिकी होईल.

२४ ऑक्टोबर
वाळली. गडद झाली. ओली असताना चळत लावल्यामुळे चार-चार कार्डे एकमेकांना चिकटली आहेत. सुटी करताना वरच्याची पाठ खालच्यावर येते.

२५ ऑक्टोबर
क्र. ३ वर रॉकेलचा बोळा फिरवून बघितला. शिक्का तसाच आहे. तिचे अक्षर पुसले गेले.
वॉशरला फोन केला. ती शाई कशाने निघते, विचारले. त्याला वाटले मी कौतुक करतो आहे. "निघाली तर नाव बदलीन, साहेब," म्हणाला.

२६ ऑक्टोबर
कार्डे खिडकीच्या काचेला लावून वाचण्याची पद्धत शोधली. सकाळी नऊ ते दहा ऊन नेमके येते. 
क्र. ५८: "त्या दिवशी ह्यांनी", मग हिरवे, मग "आणि मला हसू आवरेना."
काय केले होते मी?
क्र. ९०: "वेळ पास होत नव्हता, तेव्हा हे माझ्या", पुढे हिरवे.
दिवसभर आठवत होतो. मी विनोद करणारा माणूस नाही. कुठल्या दिवशी?

२८ ऑक्टोबर
मार्ग सापडला. सगळी वाक्ये मीच आठवून नव्या कार्डांवर लिहायची. छत्तीस वर्षे एका घरात होतो, ती काय बोलली असेल ते मला सोडून कोणाला माहीत? आज वीस, उद्या सकाळी वीस, बाकीची हळूहळू.
आजची आठवलेली वाक्ये: मिठाचे.

२९ ऑक्टोबर, शनिवार
लेक आली. बारीक झाली आहे. माझ्याकडे बघून तिनेही तेच म्हटले. जेवणानंतर तिने खोका मागितला. मी आधी फॉर्म दाखवला. तो तिने बाजूला ठेवला.
एक कार्ड काढले. दुसरे काढले. मग मधूनच एक, मग अगदी तळातले. मग भराभर. मी शाई जुनी होती, असे सांगायला सुरुवात केली. वाक्य पूर्ण झाले नाही. ती ओरडेल असे वाटले होते. ओरडली असती तर बरे झाले असते.
"ह्यातली तुम्ही वाचली किती होतीत?" तिने विचारले.
मी म्हणालो, एक.
"कुठलं?"
मिठाचे.
"ते तर मलाही पाठ आहे," ती म्हणाली. आणि कार्डे एकावर एक, कडा जुळवून, परत खोक्यात ठेवायला लागली. नीट ठेवते. तिथेही माझ्यावर गेली आहे.

३० ऑक्टोबर, रविवार
सकाळी टेबल आवरताना तिला पाकीट सापडले. हे काय, म्हणाली. मी म्हणालो, रिजेक्ट. तिने उघडले. सहाही कार्डे स्वच्छ. ती जागेवरच खाली बसली आणि मोठ्याने वाचू लागली.
तेलाचा डाग पडलेले एक: "गेट पास असल्याशिवाय हे कुणाला आत सोडत नाहीत. माझी धाकटी बहीण राहायला आली, तर तिलासुद्धा दारातच विचारलं, परत कधी निघणार?"
लेक म्हणाली, मावशी अजून सांगते हे. मी म्हणालो, तिला परतीचे तिकीट मिळावे म्हणून विचारले होते.
नंबर नसलेले एक: "माझा बसचा पास होता, ह्यांचा नव्हता. तरी रोज स्टॉपपर्यंत यायचे. बोलायचे नाहीत. बस येईपर्यंत घड्याळ बघायचे आणि उशीर झाला की बसवर रागवायचे."
पाच कार्डांपर्यंत ती हसत होती. मधेच नाक पुसत होती, पण हसत होती. आवाज हुबेहूब आईचा येतो. हे मला फोनवर कधी जाणवले नव्हते.
सहावे क्र. १३७. शेवटचे. अक्षर सगळ्यात जास्त हललेले. पास, आणि पुढे अर्थाचा रकाना रिकामा. वाक्य: "जेवण कसं झालंय विचारलं, की हे म्हणतात, पास. इतकी वर्षं झाली. ह्याचा अर्थ एकदा ह्यांनाच विचारून लिहायचा."
लेकीने विचारले, "काय अर्थ होता, बाबा?"
"म्हणजे मापात," मी म्हणालो.
तिने कार्ड खाली ठेवले. मग हळू आवाजात पुन्हा विचारले, "आई विचारायची तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं असायचं?"
दुसऱ्यांदाही तोंडातून तेच आले.
संध्याकाळच्या गाडीने गेली. पाच कार्डे नेली. खोका ठेवून गेली. सहावे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "हे तुमच्याकडेच राहू दे. ह्यातलं तुम्हालाच भरायचंय."

३१ ऑक्टोबर, सोमवार
क्र. १३७. दोष: अर्थाचा रकाना रिकामा. ज्याच्याकडून राहिले त्याने भरायचे, हा नियम. रकाना सहा सेंटिमीटर लांब, एक उंच. पुरेसा आहे.
पेन्सिलने लिहिले, उत्तम. खोडले. ते मी कधीच कशाला म्हटलेले नाही. लिहिले, आवडले. खोडले. लिहिले, आणखी वाढ. खोडले. नंतर लिहिलेले इथे नोंदवत नाही. तेही खोडले.
कागद तिथे पातळ झाला आहे. उजेडाला धरला की पलीकडचे बोट दिसते. आणखी एकदा खोडले तर भोक पडेल. म्हणून थांबलो. रकाना रिकामा आहे. वाक्याला धक्का लागलेला नाही.
दुपारी जेवलो. भाजी करपली होती. ताट उचलताना सवयीने म्हणालो, पास.
कोणी विचारले नव्हते.