बाळंतिणीच्या खोलीची काच

कोल्हापूर,
जानेवारी २००४

प्रिय संघप्रिया,

त्या एप्रिलच्या सकाळी मी स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि तू बाळंतीण होऊन निजली होतीस त्या खोलीच्या खिडकीची काच फोडली. मग तुझ्या बाजेखालची शेगडी ओढून अंगणात भिरकावली. निखारे तुझ्या आईनं वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडले. तुला दंडाला धरून आणि बाळाला छातीशी घेऊन लिंबाखाली आणलं. पोरीच्या डोक्याला टोपडंसुद्धा नव्हतं. सगळी गल्ली बघत होती आणि मी कुणाला काही बोललो नाही. मग ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. तूही लावलास. दुसऱ्या दिवशी सूरजराव गाडी घेऊन आले आणि सव्वा महिना व्हायच्या आत तू पुण्याला गेलीस. त्यानंतर तुझा पाय या उंबऱ्याला लागला नाही.

हे पत्र लिहायला बसतो, उठतो, दारापर्यंत जाऊन येतो. तुझी आई म्हणाली, "अवो, बसा की एका जागी, का पायाला चाकं लागल्यात?" तिला काय सांगू? परवापासून वंदनेला बसलो तरी मन जाग्यावर राहत नाही. त्रिशरण होतं, शिलं म्हणायला लागतो आणि चौथ्याशी, खोटं न बोलण्याच्या शिलाशी, जीभ अडखळते. मी खोटं बोललो नव्हतो, गप्प बसलो होतो. पण माझ्या गप्प बसण्यावर तुम्ही सगळे जे खरं मानून बसलात, ते खोटंच होतं.

तुझी खोली तुला आठवते तशी आधी नव्हती. वर सिमेंटचा पत्रा, पत्रा आणि भिंत यांच्यात बोटभर फट, कोपऱ्यात झरोका. उन्हाळ्यात भाजायचं, पण वारा फिरायचा. तुझ्या सासूबाई डोहाळजेवणाला आल्या तेव्हा पत्र्याकडं बघून म्हणाल्या, "दादासो, आमच्या सुनेला काय भट्टीत ठेवणार? तुम्हाला भट्टीची सवय आहे, तिला नाही." मी हसून पाणी पुढं केलं. शिरोलीच्या फौंड्रीत जन्म गेला, त्यांचं काय चुकलं? पण लागलं, हे खरं. आठवड्याभरात सूरजरावांनी एसी पाठवला.

बसवायला मुरगूडचा सयाजी मिस्त्री आला. माणूस कामाला चोख. पत्र्याखाली थर्माकोलचं छत मारलं, फटी सिमेंटनं भरल्या, झरोका बुजवला. खिडकीच्या एका बाजूला एसी बसवला आणि दुसरी काच खिळे मारून पक्की केली. दाराच्या कडेनं रबराची पट्टी लावली. जाताना म्हणाला, "पावणं, आता मुंगीला बी आत जायचं तर पास काढायला लागंल!" आम्ही सगळे हसलो. त्याला चहाबरोबर भडंग दिला.

एसी बघून तुझी आजी मात्र खवळली. बाळंतिणीला गार वारं म्हणजे तिच्या लेखी विषच. "बाईच्या हाडात वारं भरलं की जलमभर निघत न्हाय," म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी तुझ्या आईनं तोड काढली. वरून विहीणबाईंचा एसी चालू दे, खालून आजीची शेगडी. दोन्ही घरांचा मान राहिला. मलाही बरं वाटलं, मी मान डोलावली. आजी कोळसे चांगले लाल करून शेगडी आत ठेवायची, धूर म्हणून नसायचा. गार जाऊ नये म्हणून तूच दार घट्ट ओढून घ्यायचीस.

त्या सकाळी मी रात्रपाळी करून आलो. आजी उंबऱ्यावर बसली होती, खुशीत. "बघ, पोरगी कशी निवांत निजल्या. दूध प्यायला बी उठंना." मी दार उघडलं. तू डोळे अर्धे उघडून म्हणालीस, "आप्पा, डोकं लई जड झालंय, निजू द्या." बाळाला हलवलं तर मान नुसती कलंडली. फौंड्रीत आम्ही याला गॅस लागणं म्हणतो. कोंडलेल्या जागी निखाऱ्यापासून तो होतो. दिसत नाही, वास येत नाही, नुसती झोप येते. आमच्यातला एक गडी असाच निजला होता, तो उठलाच नाही. पुढचं तुला ठाऊक आहे. लिंबाखाली आणल्यावर पोरगी निळसर ओठांनी गप्प होती, आणि मग रडली. तिच्या त्या रडण्यासारखं गोड मी काही ऐकलेलं नाही. काविळीचं निमित्त काढून मी तुम्हा दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्यांनी तुला अशक्तपणाचं कारण सांगून, ऑक्सिजन लावून तुम्हाला दुपारपर्यंत ठेवून घेतलं आणि आता धोका नाही म्हणाले.

घरी आलो तर आजी भिंतीशी बसून रडत होती. "माझी शेगडी फेकलीस. एकीला शेगडी मिळाली न्हाय म्हणून गेली, हिला मिळाली ती तुला बघवली न्हाय." तुला हे कुणी सांगितलेलं नाही. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. गगनबावड्याकडच्या पावसात, गळक्या खोपटात, कोळसा नाही, सुकं लाकूड नाही. पोर गारठून गेली. पन्नास वर्षं ती एकच गोष्ट उराशी धरून जगली आहे की ऊब असती तर पोर वाचली असती. त्या बाईला मी कसं सांगू की तुझ्या उबेनंच आज पणती जात होती? मी तोंड मिटलं. विहीणबाईंचा टोमणा झोंबला म्हणून दादासोनं जावयाच्या एसीवर राग काढला, असं गल्ली म्हणाली. म्हणू दिलं. सूरजरावांनीही तेच धरलं, तेही धरू दिलं.

पण परवा तू आईला फोनवर सांगितलंस, की तुझ्या जावेला, दीप्तीला, दिवस भरत आलेत. पुण्यात थंडी फार, म्हणून तू आजीच्या पद्धतीनं खोली तयार केलीस, खिडक्यांना पट्ट्या चिकटवल्यास, शेगडी आणलीस. मी धावत जाऊन फोन घेतला आणि म्हणालो, शेगडी आत ठेवू नका. तू म्हणालीस, "आमच्या घरचं काहीच तुम्हाला बघवत नाही का आप्पा?" आणि फोन ठेवलास. पुन्हा लावला, उचलला नाहीस. तुला कारण सांगायचं तर ते आजीपर्यंत येणार, आणि दुसऱ्याच्या तोंडून येणार. रात्रभर कूस बदलत राहिलो.

म्हणून काल दुपारी मी आजीजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. तिचे हात हातात धरून सांगितलं. तिनं विचारलं, "भाईर आणल्यावर रडली न्हवं पोरगी?" मी म्हणालो, व्हय, रडली. "आणि तू एवढे दिस समद्यांच्या शिव्या खाल्ल्यास माझ्यापायी? येडा हायस." पदरानं तोंड पुसून ती पुढं म्हणाली, "आता लिही प्रियाला. माझं नाव झाकू नगंस. आजीनं केलं, आजीला कळत न्हवतं, आसंच लिही. त्या दीप्तीचं लेकरू वाचलं पायजे." तिनं सांगितलं तसं लिहिलं आहे. तिच्यासमोर बसूनच लिहिलं आहे.

तुझाच,
आप्पा