उलट्या ढाळाची फळी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा सुतारकाम, या गल्लीत ‘ढाळमास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवतो. शुद्धीची खात्री डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी केली. त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्याचं दार खाली घासतं, तेही सांगितलं. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करायची हौस नाही.

माझी मिळकत सगळी स्वकष्टाची : राहतं घर, मागची कार्यशाळा, तिथली यंत्रं-हत्यारं आणि बँकेतली ठेव. हे सारं खिडक्या-दारांच्या उतरत्या फळ्यांवर उभं राहिलं. चौकटीच्या तळाशी बसणाऱ्या फळीला बाहेरच्या बाजूने ढाळ दिला, की पावसाचं पाणी घरात न शिरता बाहेर ओघळतं. जन्मभर हेच एक काम केलं. त्याने मला कधी उपाशी झोपवलं नाही, आणि लोकांनी भिंती कोरड्या राहिल्या म्हणून वाटेत थांबवून दुवा दिला. याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा.

कलम पहिले. बँकेतली ठेव सगळीच्या सगळी थोरल्या मुलाला. त्याने माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं, म्हणून हे अक्षर ओळीत आहे. मुलगा वाईट नाही, हिशेबी आहे. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

कलम दुसरे. शेजारच्या गवंड्याने माझा लाकूड आवळायचा मोठा शिकंजा नेला, तो आजतागायत ‘उद्या आणून देतो’. तो आता त्याचाच. निदान मी त्याच्या घरी डोकावलो की शिकंजा पोत्याखाली लपवायची दगदग वाचेल. लाभार्थी झाल्यामुळे त्याला साक्षीदार करता येत नाही, याचं त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

कलम तिसरे. लाकूडवाल्याने एकदा ओलं लाकूड वाळलेलं म्हणून माझ्या गळ्यात मारलं. त्यातली पिळवटलेली एक फळी मी जपून ठेवली आहे. ती त्याच्या दुकानात नेऊन द्यावी. काही बोलू नये, नुसती गल्ल्यासमोर उभी करावी.

कलम चौथे. घर, कार्यशाळा, यंत्रं आणि हत्यारं माझ्या धाकट्या सुनेला, पूर्ण मालकीने. तिच्या हयातीत किंवा नंतर यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. याचं कारण लिहिणं कायद्याने जरुरीचं नसेल, मला आहे.

धाकटा मुलगा गेला तेव्हा मी काम टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. घरात मी आणि सूनबाई, दोघंच. कामं अडली होती. तिने कोणाला न विचारता यंत्र सुरू केलं. आमचं रंध्याचं यंत्र सपाटच तासतं. ढाळ हवा असेल तर फळी एका तिरक्या लाकडी बैठकीवर ठेवून आत सारावी लागते. हात बसावा म्हणून तिने आधी आमच्याच स्वयंपाकघराची फळी घेतली, कारण सुताराच्या घरची खिडकी नेहमी शेवटी. दोन्ही टोकांच्या खाचा चोख कापल्या, आणि फळी बैठकीवर उलटी ठेवली. ढाळ आतल्या बाजूला आला. तशीच तिने ती बसवली.

मग पाऊस झाला. पाणी खिडकीतून थेट पिठाच्या डब्यात. ओलं फडकं हातात घेऊन ती माझ्या खाटेपाशी आली आणि म्हणाली, “बाबा, मी पावसाला घरात यायला रस्ता करून दिलाय.” मला हसू आलं. तीही हसली. मग आम्ही दोघं पोटभर रडलो, आणि मी उठून चहा टाकला. मी त्या दिवशी उठलो नसतो तर हे लिहायला उरलो नसतो. मी तिचा ऋणी आहे.

तेव्हापासून ती प्रत्येक फळीच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिलीने एक थेंब काढते. पुन्हा चूक झालेली नाही. ती उलटी फळी बदलू म्हणाली, तेव्हा मी दरवेळी नाही म्हटलं. खिडकीत फडकं ठेवतो. लोक मला आळशी म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्यामागे ती फळी ठेवावी की काढावी, हे तिने ठरवावं.

आता खरी गोष्ट. गेल्या साली थोरला म्हणाला, “तुमच्यानंतर ती इथे कशाला राहील? घर विकू, तिचं काहीतरी बघू.” तिने ते दाराआडून ऐकलं. तेव्हापासून तिने ओलं लाकूड रचणं बंद केलं. लाकूड वाळायला वर्ष लागतं, आणि इथे आपल्याला वर्ष मिळेल याची तिला खात्री नाही. आहे तो साठा संपत आलाय. मी विचारलं तर म्हणते, “बघू पुढे.”

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. तोवर लाकूड थांबत नाही. म्हणून सह्या होताच याची प्रत मी आज तिच्या हातात देणार आहे. सूनबाई, वाचून झालं की चप्पल घाल आणि लाकूडवाल्याकडे जा. ओलंच माग, ओल्याच्या भावाने. मागच्या भिंतीला रचून ठेव. मी खुर्ची टाकून बघत बसेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला पटला.

(सही) ढाळमास्तर

आमच्यादेखत सही केली :
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) कोपऱ्यावरचा रंगारी

ठिकाण : स्वयंपाकघर, खिडकीजवळ
दिनांक : ९ ऑगस्ट २०२१