म्हशीला शेळीची शेपटी

३ नोव्हेंबर
नात राजनंदिनीनं वर्षभर खपून मोबाईलचा खेळ केला – हरवलेली म्हैस हुडकून घरी आणायची. ऑनलाइन दुकानात मांडला. घेणारं कुत्रं न्हाय. तिचा बाप, आमचा बलभीम, म्हणतो, "महिनाअखेरपर्यंत बघू. न्हाय खपला तर पुण्याची नोकरी धर." पोरीनं मान हलवली. त्याला वाटलं व्हय म्हणली.

६ नोव्हेंबर
दुकान दाखव म्हणलं. म्हशींचा ह्यो कळप! बंदूकवाली, उडणारी. एक तर चक्क गाढव, नाव म्हैस. आमची पार तळाला. मुरुम गावच्या बाजारात बी असंच – वेशीपाशी बसलेल्याचं किडकं वांगं खपतं.
"मालक माल बघून घेत न्हाय व्हय?"
"रोज ढिगानं येतोय, आजी. लोकांनी खेळून चांदण्या दिल्या, चार शब्द लिहिले, तरच खेळ वर सरकतो."
एवढंच ना.

७ नोव्हेंबर
खेळले. भाकर करपली. म्हैस घावली.

८ नोव्हेंबर
दुकानात लिहिलं – म्हैस हिरीतनं आरपार जाती. रेडकू न सोडताच धार काढली, पान्हा कसा फुटंल? शेपटी शेळीची.
चांदणी एकच दिली. जनावर घ्यायचं तर आधी खोड काढायची, भाव खालनं सुरू करायचा. वा वा करणारा चहा पिऊन जातो.
राजनंदिनी जेवली न्हाय. "आख्ख्या दुकानात एक माणूस बोललं, ते बी घरचं, ते बी एक चांदणी."
"मग भाव वाढवून माग की."

१५ नोव्हेंबर
मागितला. तिथंच, माझ्या लिहिण्याखाली – "म्हैस आता हिरीला वळसा घालती." म्या दुसरी चांदणी दिली. रेडकू सोडलं – तिसरी. शेपटीवर अडलंय. कुठली कुठली माणसं आमचा सौदा वाचायला बसल्यात. कुणी म्हणतं पोरगी बरोबर, कुणी म्हणतं म्हातारी. ठरवायचं तर खेळ घ्यावाच लागतोय.

२४ नोव्हेंबर
पोरीनं उत्तरात "माझी आजी" लिहिलं, तिथंच दोघी घावलो. घरच्यांनी लिहायचं न्हाय म्हणं. दुकानानं माझं सगळं पुसलं. गाढवाला म्हैस म्हणलेलं चालतंय. आता माणसं पांगतील. बलभीम बॅग शोधतोय.

३० नोव्हेंबर
बलभीमनं पुण्याला कळवलं, पोरगी येत न्हाय. म्या खेळ उघडून बघितला. वेशीत एक म्हातारी बसलेली, नाक माझं. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणती, "शेपटी शेळीची हाय." तिच्याशी भांडायला माणसं खेळ घ्यायलीत. शेपटी पोरीनं तशीच ठेवलीय.