तुमचं पाणी येत नाही असा लॉज

मु. धानोरा, ता. अहमदपूर
(जिल्हा आता लातूर, पत्त्यात उस्मानाबाद लिहिणं सोड)
दि. १४ मार्च १९८६

चि. सौ. नीलाबाई हिला शांतम्माचा आशीर्वाद. विहीणबाई पारूबाईंना आणि जावई शंकरप्पांना शरणार्थ. इकडे मी खुशाल, म्हणजे जिवंत.

पत्र मी सांगते आहे, लिहिणारी दुसरी आहे. आधी गुरुजींकडे गेले होते, तर गुरुजींच्या हाताला अचानक संधिवात झाला. तुमच्या घरी पत्र लिहायचं म्हटलं की आमच्या गावात असे आजार लई होतात. ही बाई सातवी शिकलेली आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे. लातूरचा जिल्हा झाला, तर माझीही भाषा थोडी जिल्ह्याची होऊ दे.

तुझं पत्र ऐकलं. तू म्हणतेस, "आपण कोर्टाच्या तारखेला आमच्याच घरी उतरावे, परके समजू नये." नीले, तुझी आई गेल्यापासून आजी म्हणून तुला मी वाढवलं. त्या सगळ्या वर्षांत तू मला 'म्हातारे' म्हणालीस, 'बहिरे' म्हणालीस, चिडलीस तेव्हा 'भवाने'सुद्धा म्हणालीस. 'आपण' कधी म्हणाली नाहीस. शेजारी बसून ज्यानं सांगितलं, त्याला माझा नमस्कार सांग.

घरी मी उतरणार नाही. मला लॉजात राहायचं आहे. हसू नकोस. साऱ्या जन्मात मी एक रात्र पैसे देऊन झोपलेली नाही, एकदा झोपून बघते. तुमच्या त्या नवीन स्टेडियमजवळ लॉज झालेत म्हणे. स्टेडियम म्हणजे काय ते इथं कुणाला नीट ठाऊक नाही. आमचा शेजारी अण्णाराव पत्रावळ्या विकायला लातूरला जातो, तो सांगतो, गोल गढी आहे, आत माणसं पळतात आणि बाकीची बसून बघतात. प्यायला पाणी नाही आणि घाम गाळायला गढी. जिल्हा असाच असतो का गं?

तर स्टेडियमजवळचा एखादा स्वस्तातला लॉज बघ. पंखा नको. खोली वरच्या मजल्यावर हवी, खिडकीतून आत हात येणार नाही अशी. दाराची कडी तोंडानं विचारू नकोस, हातानं ओढून बघ. कोर्ट तिथून पायी जाण्यासारखं आहे, म्हणून स्टेडियम. रिक्षात मी बसणार नाही, रिक्षावाला कुठं नेऊन सोडेल त्याचा भरवसा नाही.

आणि एक विचारून ठेव. लॉजवर पाणी कुठलं येतं? बोरचं की टँकरचं? टँकरचं असेल तर कुणाच्या? का ते विचारू नको.

गावाकडची खबर. दुसरा साक्षीदार श्रीमंत, त्याच्या दोन्ही मनगटांचं प्लास्टर निघालं. बाजारात तो 'पडला' होता. दोन्ही मनगटं एकदम मोडावीत असं पडायला कसब लागतं. वर पाठीवर बुटांच्या टाचा उमटल्या होत्या, म्हणजे पडताना त्यानं बूट पाठीवर घातले असणार. आता घास बायको भरवते. विहिरीवर त्या दिवशी मी काही बघितलंच नाही, असं तो कोर्टात सांगणार आहे. तेव्हा बघितलं म्हणून सांगणारी आता एकटी मीच उरले.

तुझ्या सासूबाई मागच्या सोमवारी येऊन गेल्या. लई माया केली. म्हणाल्या, "अव्वा, तुमचा मोतीबिंदू काढून घेऊ. नांदेडला डॉक्टर बघून ठेवलाय, खर्च आमचा." मी म्हटलं, "तारीख कोणती?" तर नेमकी कोर्टाचीच. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे, विहीणबाई. उजव्यानं मी अजून ज्वारीतला खडा निवडते. पत्र वाचून झालं की त्यांना एवढं मोठ्यानं वाचून दाखव.

तब्येतीला जप.
तुझी अव्वा

*

धानोरा
दि. २७ मार्च १९८६

चि. नीला हिला आशीर्वाद.

आधी बरी बातमी. मुसळ मोडलं नाही.

परवा दिवसाउजेडी तिघं आले, तोंडाला रुमाल बांधून. एकानं गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर रॉकेल ओतलं. या दुष्काळात कडबा म्हणजे सोनं, तो धडधडा पेटला आणि गाय दाव्याला झटे देत ओरडत राहिली. दुसरा घरात शिरून माझ्या केसांना धरून म्हणाला, "म्हातारे, लातूरला जायचं न्हाई." मी ज्वारी कांडत होते, मुसळ हातातच होतं. खालून वर मारलं. त्याचे दोन दात माझ्या उखळात पडले. उखळ तीनदा घासलं तरी अजून किळस येते. तिसरा दारात उभा होता. तो कमरेखाली पाहून मी ओळखला. तुझ्या दिराची ती चाल, उजवा पाय बाहेर टाकायची. रुमाल तोंडाला बांधून काय उपयोग? पायाला बांधायचा होता.

माझ्या डोक्याचा एक झुपका गेला. तिथं आता वारा लागतो. उन्हाळ्यात बरंच आहे.

आता लॉजचं. तू लिहिलंस की स्टेडियमजवळचे लॉज सगळे घाणेरडे आहेत, बाईमाणसानं राहू नये, घरीच यावं. म्हणून मी अण्णारावला पाठवलं. पत्रावळ्या विकायच्या निमित्तानं तो तीन लॉज फिरला. एक महागडा, दोन आपल्याजोगे. पण तिन्हींच्या दारात तुमचाच निळा टँकर, मागे 'शिवकृपा' लिहिलेला. एका मॅनेजरानं तर अण्णारावला पेला भरून दिला. "प्या. धानोऱ्याच्या विहिरीचं. अख्ख्या लातुरात असं गोड पाणी न्हाई."

अण्णारावनं पेला खाली ठेवला आणि निघून आला.

येताना तो तुमच्या गल्लीतून आला. तू दारात होतीस. एक डोळा मिटलेला, हात गळ्यात बांधलेला. त्यानं विचारलं तर तू म्हणालीस, न्हाणीत घसरले. नीले, लातुरात आठ दिवसांनी नळ येतो, तू घसरलीस कशावर?

तुमच्या घरी पत्र सगळे वाचतात, हे मला माहीत आहे. वाचू देत. त्यांनीही ऐकावं असंच सांगते.

गेल्या साली पाडव्याच्या आधी विहिरीवर काय झालं, ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. तुझ्या नवऱ्यानं आमच्या तळ्याकाठची जमीन घेतली, विहीर खणली आणि गावाचे आड आटले. कायद्यात बसतं म्हणे. बसू दे. त्या दिवशी टँकर भरत होता आणि आम्ही बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होतो. आपल्या गावातला भुजंग पुढं झाला. त्यानं टँकरातला पाइप उपसला, आमच्याकडं वळवला आणि म्हणाला, "शंकरप्पा, लॉजवाल्यांच्या आंघोळी थोड्या उशिरा होऊ द्या. पोरांना पाणी पाजू द्या." हसत म्हणाला. तो भांडायला आलाच नव्हता.

तुझ्या नवऱ्यानं टँकरमधली टॉमी काढली, चाक खोलायची लोखंडी. पहिला घाव कानावर बसला. भुजंग गुडघ्यावर आला आणि कान चाचपू लागला, जागेवर आहे का म्हणून. दुसरा घाव टाळूवर. नारळ फुटतो ना, तसा आवाज नाही झाला. ओल्या मातीत कुदळ मारावी तसा झाला. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी मारला.

पाइप मोकळा सुटला होता. पाणी भुजंगच्या अंगाखालून लाल होऊन वाहत होतं आणि बायका वरच्या अंगाला सरकून घागरी भरत होत्या. त्यांना नाव ठेवू नकोस. घरी लेकरं तहानलेली होती. तुझा नवरा तिथंच उभा राहून म्हणाला, "भरा, भरा. फुकट हाय आज."

हे सगळं मला कोर्टात सांगायचं आहे.

म्हणून तुमच्या घरी उतरत नाही. ज्याच्या घरचं अन्नपाणी पोटात गेलं, त्याच्याविरुद्ध चार लोकांत तोंड उघडायचं नाही, ही आपल्यातली रीत. माझ्या सासऱ्यांनी पाटलाच्या घरी एक वाटी ताक प्यायलं म्हणून बांधाचा दावा सोडून दिला होता. आयुष्यभर पाटलाला शिव्या घातल्या, पण चावडीत तोंड उघडलं नाही. पारूबाईंनाही रीत ठाऊक आहे. उगाच का त्या मला जेवायला बोलावतात? आणि तुमचंच पाणी लॉजातही येत असेल, तर मी लॉजात तरी कशी राहू? सकाळी लिंगपूजेला पाणी लागतं. गळ्यातल्या देवावर ते पाणी घालू? त्यात भुजंग आहे.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं होतं. पारूबाई जाताना उंबऱ्यावर थांबल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडचा स्टोव्ह लई जुना झालाय, अव्वा. कधी भडकंल नेम न्हाई. पोरीला जपून राहा म्हणावं." मी हसले होते. त्या गेल्यावर दाराला कडी घातली.

आणि लिहिणारीचं नावही सांगून टाकते. गुणाबाई. भुजंगची बायको. टॉमीचं लिहिताना ती थांबली नाही. पाण्याचं लिहिताना थांबली.

स्टोव्हला पंप मारू नकोस. चुलीवर कर, धूर झाला तर शिव्या खा.
तुझी अव्वा

*

लातूर, स्टेडियमच्या मागच्या बाजूला
दि. ७ एप्रिल १९८६

नीले,

हे पत्र पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यात अण्णाराव तुझ्या हातात देईल. वाच आणि चुलीत घाल.

मी आले आहे, गुणाबाई सोबत आहे. लॉज अखेर सापडला. स्टेडियमच्या मागल्या भिंतीला लागून आहे, खाली सायकलचं दुकान, वर चार खोल्या. भाडं परवडतं, कारण पाणी मचूळ आहे. मालकाचं स्वतःचं बोर आहे. चहा त्या पाण्यात फाटतो, डाळ शिजत नाही, गिऱ्हाईक टिकत नाही. मालक बिचारा आधीच माफी मागायला लागला. मी म्हटलं, "बाबा, असंच पाणी शोधत होते." त्याला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट आहे. दोन तांबे प्यायले त्याच्यासमोर. पोट बिघडलं तरी बेहत्तर, ते कुणाच्या उपकारानं बिघडलेलं नसेल.

उद्या सकाळी कोर्टाचा शिपाई आम्हाला न्यायला येणार आहे, सरकारी वकिलानं तशी सोय केली आहे. त्याच्या आत, आज ऊन उतरायच्या वेळी, तुला त्या घरातून बाहेर पडायचं आहे. कसं, ते सांगते.

सासूला म्हण, "अव्वा लॉजात उतरलीय. सकाळपासून उपाशी हाय. तुमच्या घरी येत न्हाई म्हणते, पण नातीनं आपल्या हातानं डबा आणला तर खाते म्हणाली." एवढंच. पुढचं पारूबाई करतील. स्वतः भाकरी थापतील, वर तूप सोडतील, जास्तीची पोळी घालतील आणि तुला चप्पल घालायलाही उसंत देणार नाहीत. दोन घास गेले की म्हातारीचं तोंड शिवलं, असा त्यांचा हिशोब. ज्या रीतीनं त्या मला बांधायला निघाल्या, तीच तुला सोडवेल. सोबत दिराला पाठवतील. पाठवू देत. परक्या बाया राहतात त्या खोलीत त्याला मालक चढू देणार नाही, जिन्याखाली थांबवेल. सायकलच्या दुकानातली चार माणसं तिथंच असतात.

तू वर ये. डबा दाराबाहेर ठेव आणि आत ये. कडी गुणाबाई लावेल. मी ओढून बघितली आहे, पक्की आहे.

खाली आरडाओरडा होईल. दार बडवतील, तुझ्या नावानं वाईट बोलतील. बोलू देत. उद्या शिपायाच्या मागून आपण तिघी कोर्टात जाऊ आणि तिथून तशाच नांदेडच्या एसटीत बसू. मुदखेडला माझा भाऊ ईश्वरप्पा आहे, त्याला निरोप गेला आहे. नवऱ्याविरुद्ध तू बोलायला नकोस. तुला कुणी विचारणारही नाही. तू फक्त माझ्या डोळ्यांसमोर बाकड्यावर बसायचंस.

आता जे सांगणार आहे, ते गुणाबाईनं लिहायला नको म्हटलं, पण मी लिही म्हटलं.

तू आली नाहीस, तर उद्या मी कोर्टात तोंड उघडणार नाही. म्हणेन, डोळ्यात मोतीबिंदू आहे, काही दिसलं नाही. भुजंगला मी लहानाचा मोठा होताना पाहिलं. माझ्या दारात तो पोळ्याला बैल आणायचा. त्याचं मेलेलं तोंड रोज जेवताना माझ्यासमोर येतं. पण तो मेलेला आहे आणि तू त्या स्टोव्हजवळ आहेस. पाप असेल तर माझं. देवाला मी वर जाऊन काय सांगायचं ते सांगेन, तो काही शंकरप्पाचं पाणी पीत नसेल.

हे सांगून झालं तेव्हा गुणाबाईनं लेखणी खाली ठेवली. खिडकीपाशी गेली. समोरच्या स्टेडियमात पोरं पळत होती, ती बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ही उठून गावाला जाईल, आणि तिनं जावंही. मग परत आली, बसली आणि म्हणाली, "आज्जी, पुढचं सांगा. पोरगी कोणत्या रस्त्यानं येईल?"

मी म्हटलं, "मोठ्या रस्त्यानं."

ती म्हणाली, "मग मी खाली जाऊन उभी राहते. मी धानोऱ्यात नांदायला आले तवर ती सासरी गेली होती, तिनं मला बघितलेलं न्हाई. जिना सापडायचा न्हाई तिला."

पत्र अण्णारावच्या हातात दिलं की ती खाली जाईल. अंगावर हिरवट लुगडं आहे, कपाळ मोकळं आहे. भुजंगची बायको तुझी वाट बघत उभी असेल, नीले. ऊन लई आहे. तिला फार वेळ उभी ठेवू नकोस.

तुझी,
अजून तोंड न उघडलेली
अव्वा