गोळीची वेळ, ड्यूटीची वेळ

७ जुलै, सोमवार
नागपूरच्या डेस्कने माझे ‘तथापि’ पुन्हा कापले. त्या जागी ‘पण’. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या वार्ताहराची भिलाईत याहून मोठी विटंबना संभवत नाही. निषेध नोंदवून ठेवतो, वाचणारा मीच.

लेक मैत्री शाळेतून आली ती दप्तरासकट झोपली. वर्गातही झोपते म्हणे. आठवीचे वर्ष. मनाच्या डॉ.नी गोळी वाढवल्यापासून हे असे. वाढवली, कारण मधूनच काही दिवस बोलणे बंद, जेवण बंद, भिंतीकडे तोंड. मग सावरते. मग पुन्हा. उन्हाळ्यात एकदा म्हणाली होती, सकाळी उठूच नये असं वाटतं. तेव्हापासून गोळ्या कपाटात, चावी सुजाताकडे. प्लांटमध्ये क्रेन चालवणाऱ्या बायकोच्या हातून काही पडत नाही. माझ्या हातून चष्मासुद्धा.

१० जुलै, गुरुवार
गोळी वाढल्यापासून मैत्रीचा हात थरथरतो. वहीत बेडूक काढत होती, रेघ हलली. "पप्पा, मेंढक को ठंड लग रही है." दोघे हसलो. मी आधी थांबलो.

१३ जुलै, रविवार
सेक्टर १० च्या वहिनी आल्या होत्या. "भाऊजी, एवढ्याशा पोरीले गोळ्या कावून देता? दृष्ट काढा."
सुजाता पोहे परतता परतता, "काढतो ना ताई. मंग तुमी बीपीची गोळी बंद करान काय?"
वहिनींनी पोहे दोनदा घेतले. विषय संपला.

१५ जुलै, मंगळवार
कालपासून सुजाताची फर्स्ट शिफ्ट. दुपारी घरी आली, कपाट उघडले, गोळी दिली. मैत्रीने ती हातातच धरली.
"मम्मी, तुझी नाइट असली की मी क्लासमध्ये झोपते. फर्स्ट लागली की रात्री नींदच येत नाही. फिर मूड खराब. दर वेळी."
सुजाता हेल्मेट हातात घेऊन उभी.

डॉ.नी सांगितले होते, रोज एकाच वेळी. आम्ही देतच होतो: सुजाता ड्यूटीवरून आल्यावर. म्हणजे नाइटला सकाळी, फर्स्टला दुपारी, सेकंडला रात्री. या घरात कुकर, पाहुणे, भांडण, सगळे त्याच घड्याळावर चालते. ते घड्याळ दर आठवड्याला फिरते, हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. मागच्या खेपेला डॉ.नी विचारले, वेळ चुकत नाही ना? आम्ही छातीठोकपणे नाही म्हणालो. मग डोस वाढला.

"मीच देऊन राहिली होती," सुजाता एवढेच म्हणाली.
"पण रोज देत होतीस ना," मैत्री.

डोक्यात एवढी गुंगी असताना पोरीने स्वतःला इतके नीट पाहिले. वार्ताहर मी, बातमी तिने आणली.

१८ जुलै, शुक्रवार
डॉ.कडे. मैत्रीने स्वतः सांगितले, न अडखळता. त्यांनी पेन खाली ठेवले. "बेटा, ये तो हमें पूछना था." गोळी हळूहळू पूर्वीच्या मापावर आणायची, एकदम नाही, आपल्या मनाने तर मुळीच नाही. रोज रात्री जेवणानंतर, शिफ्ट कुठलीही असो.

चावी आता माझ्याकडे. देताना सुजाता, "बातमी गेली खड्ड्यात. जेवण झालं का पह्यले गोळी."
"तथास्तु."
"तथास्तु नाही. हो म्हना."
हो म्हणालो.

१३ ऑगस्ट, बुधवार
वर्गात जागी असते. पुरावा: गणिताच्या सरांची तीन भाषांत निंदा, विनाविराम. वहीतला बेडूक आता बरा बसतो.
सुजाता सेकंडला. क्रेनवरून फोन करता येत नाही. आमच्या जेवणाच्या सुमारास चहाच्या निमित्ताने उतरते, मिस्ड कॉल देते. मीही मिस्ड कॉलने उत्तर देतो. म्हणजे, गोळी दिली. तेवढ्यासाठी ही बाई रोज ती सगळी शिडी उतरते आणि घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द नाही. या दोघींत मी राहतो, हे माझे भाग्य. त्यांना सांगणार नाही, डोक्यावर बसतील.

१७ ऑगस्ट, रविवार
रात्री मैत्रीने अर्धी पोळी तशीच ठेवली. विचारले, कशी आहेस? तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. मग म्हणाली, "ठीक आहे, पप्पा."

स्वतःला ओळखणारी मुलगी आम्हालाही ओळखणारच. आपण ‘बरं नाही’ म्हटले की या दोघांचे काय होते, ते तिने पाहिले आहे. महिनाभरात तो शब्द तिच्या तोंडून आलेला नाही. खरेच बरी असेल. हसते, भांडते, झोपते. की आम्हाला सांभाळते आहे?

मला भीती वाटते ती एवढीच. मंगळवारी डॉ.कडे जायचे आहे. त्याआधी एकदा तिला विचारायचे आहे, चेहऱ्यावर काळजी न दिसू देता. अजून जमलेले नाही.