अडलेली पत्रिका

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय आदिती,

तुझी लग्नपत्रिका अजून छापायला गेली नाही म्हणून काल फोनवर चिडलीस, ते बरोबरच आहे. साऱ्या पेठेच्या पत्रिका टाइप करून देणाऱ्या मावशीला घरच्या मुलीचीच जमेना, म्हणजे काय. पण फोनवर माझं निम्मं बोलायचं राहून जातं, तुला ठाऊक आहे. म्हणून हाताने लिहायला बसले. दमलेय गं, अक्षर समजून घे.

आधी कॉम्प्युटरचं सांगते. जुनी हार्ड डिस्क टकटक करायला लागली होती. राजारामपुरीतल्या आदर्शने नवी बसवली, जुनीतलं सगळं तिच्यात उतरवलं, जुनी काढून माझ्या हातात दिली आणि बहिणीच्या बाळाच्या बारशाला नेसरीला निघून गेला. मी बटण दाबलं तर काळा पडदा आणि इंग्रजीत एकच ओळ, सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही म्हणून. फोन केला तर म्हणाला, काकी, केबल हलवून बघा. हलवली. दुसऱ्या खाचेत घालून बघितली. रॅम काढून खोडरबराने पुसली. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पुढं काही न्हाय. तुझे पप्पा दारात येऊन विचारायचे, झालं का गं, आणि उत्तर ऐकायच्या आत चहा मागायचे. ऐन सराईत दोन गिऱ्हाइकं मी हात जोडून दुसरीकडं पाठवली. नुसता वैताग.

शेवटी आदर्शने सांगितलं तसं चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहिले, तेव्हा सेटिंगचं निळं पान उघडलं. सुरू होताना मशीनने आधी कुणाला शोधायचं, त्याचा क्रम तिथं लावलेला असतो. पहिलं नाव त्या काढून टाकलेल्या डिस्कचंच होतं. नवी बिचारी सगळं पोटात घेऊन आत बसलेली, आणि मशीन आपलं त्या नसलेल्या डिस्कलाच शोधतंय. मला एकटीलाच हसू आलं. नवीचं नाव वर घेतलं, सेव्ह केलं, आणि चालू झालं की.

याला आता आठवडा होत आला. म्हणजे तुला मी खोटं सांगत होते, आदिती. कॉम्प्युटर बंद नाही. तुझी पत्रिका माझ्यामुळंच अडली आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू पहिलीत होतीस. मावशी म्हणायचं हे तुला आजीने शिकवलं होतं, आणि मला ते आवडलं होतं. तुझ्या आईची जागा घ्यायला मी आलेच नव्हते. पण आपल्या जैनांच्या रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत तुझं जेवण व्हायला पाहिजे म्हणून मी क्लासच्या दारात डबा घेऊन उभी राहायची, आठवतं का? तुझ्या मैत्रिणी हसायच्या. तू माझ्याकडं न बघता भराभर जेवायचीस आणि रिकामा डबा माझ्या हातात देऊन आत पळायचीस. मला त्याचा कधी राग आला नाही. पोरगी उपाशी राहिली नाही, एवढंच मी घरी येऊन पप्पांना सांगायची.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. कॉम्प्युटर चालू झाला त्याच दिवशी तू पाठवलेला मजकूर उघडला. वर लिहिलंयस, कै. सौ. पद्मावती व श्री. वृषभ मगदूम यांची कन्या. ते तसंच पाहिजे. जिने जन्म दिला तिचंच नाव तिथं शोभतं, मला खरंच त्याचं काही वाटलं नाही. मग खाली आले. निमंत्रकांत तुझे आजोबा तात्यासो आहेत, काका-काकू आहेत, मामा-मामी आहेत, कोडोलीच्या आत्याचे जावईसुद्धा आहेत. मी कुठंच नाही. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. लोकांच्या पत्रिकेत राहिलेलं नाव मी एका नजरेत काढते, म्हणून वाटलं आपल्याच नजरेतून सुटत असेल. आपल्या हाताने एक ओळ घालायला कितीसा वेळ लागतो? पण हात होत नाही गं. आणि तशीच छापायलाही पाठववेना. विसरलीस, की मुद्दाम घातलं नाहीस, एवढं एकदा मला सांग. विसरली असशील तर मी रागावणार नाही. मुद्दाम असेल तर पप्पांना त्यात ओढू नकोस आणि पत्रिका दुसरीकडं देऊ नकोस. मीच करीन, तू पाठवलीस तशीच, एक वेलांटी चुकू देणार नाही. फक्त त्या दिवशी मंडपात मी कुठं उभी राहू, ते मला आधी सांगून ठेव.

तुझीच,
चंदनामावशी